पडद्यामागचे कारागीर

चित्रपट संपतो, दिवे लागतात आणि आपण बाहेर पडण्याची घाई करतो. त्या वेळी पडद्यावर नावांची एक लांबलचक यादी सरकत असते. ती शेवटपर्यंत वाचण्याची सवय आपल्यापैकी फारच थोड्यांना असेल. नट कोण, नटी कोण, गाणी कोणाची, हे आपल्याला आधीच ठाऊक असते. फार तर दिग्दर्शकाचे नाव आपण लक्षात ठेवतो. परंतु ज्या वाड्यात ती कथा घडली तो वाडा कोणी उभारला, ज्या गावाच्या वेशीवर मायलेकरांची ताटातूट झाली ती वेस खरोखर कोठे आहे की नाही, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. पुष्कळदा तो वाडा म्हणजे लाकडी पट्ट्या, प्लायवूड आणि प्लास्टर एवढेच असते, आणि ती वेस चित्रीकरण आटोपताच मोडून ट्रकमध्ये भरलेली असते. हे सारे आधी मनात रचणारा, मग कागदावर आखणारा आणि शेवटी कारागिरांच्या हातून उभे करवून घेणारा जो माणूस, त्याला पूर्वी आपल्याकडे नेपथ्यकार किंवा कलादिग्दर्शक म्हणत. पुढे त्याच्या कामाचा व्याप वाढला आणि ‘प्रॉडक्शन डिझायनर’ हे नाव रूढ झाले. ह्या व्यवसायाविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

विषय आपल्या घराघरांतला नाही, असे काही वाचकांना वाटेल. तो माझ्यासमोर आला तो मात्र एका साध्या घरातूनच. सुरतेहून नवसारीकडे जाताना रेल्वेवर सचिन हे स्टेशन लागते. तेथील औद्योगिक वसाहतीत कापड विणण्याचे आणि रंगविण्याचे कारखाने आहेत, आणि पोटासाठी खानदेशातून, नगर-नाशिककडून आलेली पुष्कळ मराठी माणसे त्या परिसरात राहतात. सेवेच्या निमित्ताने माझे त्या बाजूला जाणे-येणे होते. अशाच एका कुटुंबातील मुलगा बारावी पास झाला. वडील रंगाईच्या कारखान्यात कामाला. मुलाचा हात चित्रकलेत चांगला. वस्तीतला नाताळचा गोठा गेली काही वर्षे तोच सजवतो, आणि पुठ्ठ्याच्या डोंगराला तो असा रंग देतो की लहान मुले हात लावून पाहतात. त्या मुलाने घरी सांगितले की मला चित्रपटांचे सेट उभारण्याचे शिक्षण घ्यावयाचे आहे. घरात चिंता पसरली आणि आईवडिलांनी मला बोलावून घेतले.

आई म्हणाली, “फादर, गावाकडची माणसं विचारतील, पोरगा काय करतो? काय सांगू मी? खोटी घरं बांधतो म्हणून सांगू?” वडिलांची शंका वेगळी होती. ते म्हणाले, “मला सात तारखेला पगार मिळतो. याला कोण देणार, आणि किती दिवस देणार?” मग थोडा वेळ थांबून, आवाज खाली आणून ते म्हणाले, “आणि त्या देसाईसाहेबांचं काय झालं, ते तर साऱ्या जगानं पाहिलं.”

हे तीन प्रश्न मला महत्त्वाचे वाटले. हे काम प्रामाणिक आहे काय? त्यावर घर चालेल काय? आणि ज्याने ह्याच कामात सर्वांत मोठे नाव मिळविले त्याचा शेवट तसा का व्हावा? उत्तर देण्यापूर्वी ह्या व्यवसायाची मला होती ती माहिती मी पुन्हा नीट तपासून पाहिली. आज जवळजवळ प्रत्येक घरात एखादे मूल मोबाईलवर चित्रे काढीत बसलेले असते. म्हणून त्या घरासाठी केलेला हा विचार इतर घरांनाही उपयोगी पडेल असे वाटते.

एक गोष्ट प्रथम सांगावीशी वाटते. सचिनला चित्रपटाची हवा आज प्रथमच लागली असे नाही. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याच्या एका शाखेने १७९१ साली येथे संस्थान स्थापिले, आणि ते १९४८ साली मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत टिकले. ह्या संस्थानाच्या नवाबाशी ज्यांचे नाते जोडले जाते त्या फातमा बेगम ह्यांनी १९२६ साली ‘बुलबुल-ए-परिस्तान’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. आपल्या देशात चित्रपटाचे दिग्दर्शन करणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांची कन्या झुबेदा ही १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकलेल्या ‘आलम आरा’ ह्या पहिल्या बोलपटाची नायिका होती. ह्या दोन्ही चित्रपटांची एकही प्रत आज पाहावयास मिळत नाही. परीस्तानचे जे महाल त्या काळी कोणा कारागिराने उभारले असतील, ते मोडले गेले आणि त्यांची छायाही उरली नाही. ह्या व्यवसायाचा हा स्वभावच आहे, आणि ज्याला त्यात शिरावयाचे आहे त्याने तो पहिल्या दिवशीच ओळखलेला बरा.

आता काम कसे चालते ते पाहू. कथालेखकाने कागदावर एवढेच लिहिलेले असते : ‘शेतकऱ्याचे घर. रात्र.’ ह्या तीन-चार शब्दांतून प्रॉडक्शन डिझायनरला संपूर्ण घर उभे करावयाचे असते. ते घर कौलारू की गवताने शाकारलेले? कोणत्या जिल्ह्यातले? कोणत्या सालातले? त्या साली त्या गावात वीज आली होती काय? भिंत मातीची असेल तर चुलीवरच्या बाजूला धुराचा काळा पट्टा कोठवर चढला असेल? दाराच्या चौकटीला रोज हात लागून लाकूड कोठे गुळगुळीत झाले असेल? सावकार वसुलीला येणार असेल तर दार इतके ठेंगणे ठेवावे की आत शिरताना त्यालाही मान वाकवावी लागेल, की उलट उंच ठेवावे? ह्या साऱ्याचा विचार करून तो प्रथम चित्र काढतो. मग फुटाच्या मापाने आराखडा करतो. मोठे काम असेल तर पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा लहान नमुना बनवितो. खर्चाचा अंदाज निर्मात्यापुढे ठेवतो, आणि तो बहुधा कमी करून आणतो.

पुढे सुतार येतात, रंगारी येतात, प्लास्टरचे साचे ओतणारे येतात. लाकडाचा सांगाडा उभा राहतो, त्यावर प्लायवूड व तागाचे कापड बसते, आणि रंगाऱ्याच्या हातून त्याच प्लायवूडचा दगड होतो. एखादी भिंत मुद्दाम सुटी ठेवलेली असते, कारण कॅमेरा मागे न्यावयाचा तर भिंत हलवावी लागते. नवी भिंत जुनी दिसावी म्हणून पातळ रंगाचे हात एकावर एक देतात, कोठे पोपडा काढतात, कोठे ओलीचा डाग दाखवितात. शेवटी घरातील वस्तू मांडावयाच्या : देवघरातील तसबीर, खुंटीवरची टोपी, कोनाड्यातली चिमणी, पाण्याचा हंडा. त्यांपैकी प्रत्येक वस्तू त्या काळातली व त्या माणसाच्या ऐपतीची असावी लागते. गरिबाच्या घरात पितळेचे एक भांडे जास्त झाले तर गावाकडच्या प्रेक्षकाच्या ते ताबडतोब लक्षात येते.

हे सारे एका माणसाच्या हाती एकत्र असावे, रंग, प्रकाश, वास्तू व वस्तू ह्यांचा मेळ एकाच दृष्टीने घातला जावा, हा विचार अमेरिकेत १९३९ साली ‘गॉन विथ द विंड’ ह्या चित्रपटाच्या वेळी विशेष पुढे आला. त्या चित्रपटासाठी विल्यम कॅमेरून मेंझीस ह्यांनी जवळजवळ प्रत्येक दृश्याची चित्रे आधी काढविली होती, आणि त्यांच्या कामाला शोभेल असे नवे नाव हवे म्हणून ‘प्रॉडक्शन डिझायनर’ हे पद निर्माण झाले. नाव परदेशी खरे, पण काम आपल्याकडे त्याच्याही आधीपासून चालू होते; आणि ते चालविणारी माणसे कोल्हापूरची होती.

कोल्हापुरात कृष्णराव मेस्त्री नावाचे एक कारागीर राहात. सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम, सर्वांत त्यांचा हात चाले. त्यांचा मुलगा बाबूराव, जन्म १८९०. शाळेचे शिक्षण बेताचे. पण बापाच्या हाताखाली तो जे शिकला ते कोणत्याही शाळेत त्या काळी मिळाले नसते. चुलतभाऊ आनंदराव ह्यांच्या सोबतीने तो नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागला, आणि पडदे रंगविता रंगविता मेस्त्री हे आडनाव मागे पडून ‘पेंटर’ हेच आडनाव झाले. ह्या बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. चित्रीकरणाचे यंत्रही त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह स्वतः तयार केले. त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० साली पुण्यात लागला, तेव्हा लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमाकेसरी’ ही पदवी देऊन गौरविले. नाटकातील रंगविलेला पडदा बाजूला सारून खोली असलेले, चारी बाजूंनी फिरता येईल असे सेट उभारण्याकडे बाबूरावांनी लक्ष दिले, आणि १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाशाचाही उपयोग केला. १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा होती. त्यात राजवाडे नव्हते, देवदेवता नव्हत्या. एक झोपडी होती. पण ती झोपडी पाहणाऱ्याला आपल्या गावची वाटली, आणि म्हणूनच शंभर वर्षे लोटली तरी ह्या चित्रपटाचे नाव निघते.

बाबूरावांच्या हाताखाली जी मुले तयार झाली त्यांत विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल हे दोघे होते. फत्तेलालांना सारे ‘साहेबमामा’ म्हणत. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली, तिच्या पाच संस्थापकांत हे दोघे होते. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास गेली. प्रभातच्या चित्रपटांचे कलादिग्दर्शन साहेबमामांकडे असे. ‘अमृतमंथन’चे भव्य मंदिर त्यांचे आणि ‘कुंकू’तले कोंदट घरही त्यांचेच. पुढे दामले-फत्तेलाल ह्या जोडीने १९३६ साली ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. तो वर्षाहून अधिक काळ मुंबईत चालला आणि दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. वाचकहो, जरा विचार करावा. मराठी माणसाने पडद्यावर जे देहू पाहिले आणि ज्या देहूपुढे हात जोडले, ते एका मुसलमान कारागिराच्या नजरेतून उभे राहिले होते. त्याने तुकोबांचे घर श्रीमंत केले नाही, चमकदार केले नाही. आवलीच्या संसाराला शोभेल एवढेच ठेवले. दुसऱ्याची श्रद्धा इतक्या आदराने हाताळण्यासाठी कारागिराजवळ नुसते कौशल्य असून भागत नाही, मनाचा नम्रपणाही लागतो.

ह्या परंपरेत आणखी एक मराठी नाव घेतले पाहिजे, ते चित्रकार एम. आर. आचरेकर ह्यांचे. ‘आवारा’ ह्या १९५१ च्या चित्रपटातील स्वप्नाचे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना धुरातून वर चढणारे ते जिने आणि त्या प्रचंड मूर्ती आठवत असतील. त्या चित्रपटाचे कलादिग्दर्शक आचरेकर होते. मुली असलेल्या आईबापांसाठी भानू अथैया ह्यांचेही नाव सांगतो. जन्म कोल्हापूरचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत, आणि ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. वेशभूषा ही सेटची सख्खी बहीणच म्हणावयाची. भिंतीचा रंग ठरल्यावाचून लुगड्याचा रंग ठरत नाही.

आता त्या वडिलांच्या तोंडी जे नाव आले त्याकडे वळू. नितीन चंद्रकांत देसाई ह्यांचा जन्म १९६५ साली, दापोलीचा. मुंबईस कलाशाळेत त्यांनी छायाचित्रणाचे शिक्षण घेतले. १९८७ साली गोविंद निहलानी ह्यांच्या ‘तमस’ मालिकेचे काम चालू असताना ते कलादिग्दर्शक नीतीश रॉय ह्यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून लागले. काही वर्षे त्यांनी हीच उमेदवारी केली. पुढे ‘चाणक्य’ मालिकेच्या वेळी स्वतंत्र जबाबदारी त्यांच्याकडे आली, आणि १९९४ च्या ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ ह्या चित्रपटाने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’ आणि ‘देवदास’ ह्या चार चित्रपटांच्या कलादिग्दर्शनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘कौन बनेगा करोडपती’चे ते सुप्रसिद्ध आसन आणि मंच त्यांनीच योजले. लालबागच्या राजाची आरासही ते अनेक वर्षे करीत आले.

ह्यांपैकी ‘लगान’ची हकीकत आपल्याला जवळची आहे, कारण ती गुजरातेत घडली. कथा १८९३ सालची, दुष्काळाने होरपळलेल्या चंपानेर नावाच्या गावाची. ते गाव कच्छात भूजजवळ कुनरिया येथे उभारण्यात आले. सभोवतीचे लोक मातीची घरे कशी बांधतात हे पाहून, त्याच मातीने व त्यांच्याच हातांच्या मदतीने ते बांधले. २००० साली तेथे चित्रीकरण झाले. पुढच्या वर्षी २६ जानेवारीस कच्छात भूकंप झाला. भूज आणि भोवतालची कित्येक खरी गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी जून महिन्यात चित्रपट पडद्यावर आला. ज्या मुलखातील खरी घरे पडली होती, त्या मुलखातील मातीच्या घरांचे रूप त्या खोट्या गावात जपले गेले. मला वाटते, ‘खोटी घरे’ म्हणणाऱ्या त्या माउलीला ह्याहून चांगले उत्तर देता येणार नाही. लबाडी म्हणजे दुसऱ्याला फसवून त्याचे काही घेणे. सेट उभारणारा कोणालाही फसवीत नाही. पाहणाऱ्याला ठाऊक असते की हा खेळ आहे, आणि तरीही त्या भिंतीच्या आधाराने त्याला एक खरी गोष्ट समजते. नाताळच्या गोठ्यातील पुठ्ठ्याच्या डोंगराला आपण कधी खोटे म्हणतो काय? भिंत पोकळ असेल, पण सुताराचे माप बरोबर असावे लागते, रंगाऱ्याची मजुरी चोख द्यावी लागते, आणि ज्या माचीवर पन्नास माणसे नाचणार ती खरोखरच पन्नास माणसांचा भार सोसणारी असावी लागते. तेथे खोटेपणा चालत नाही.

देसाई ह्यांनी २००५ साली कर्जत परिसरात सुमारे पन्नास एकरांवर आपला स्वतःचा एन. डी. स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’चे महाल तेथे उभे राहिले. ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका आणि २०११ सालचा ‘बालगंधर्व’ हा चित्रपट त्यांनी निर्मिला. मोडून टाकावयाच्या वस्तू ज्याने आयुष्यभर बांधल्या, त्याला आपल्या हाताचे काही तरी कायम राहावे असे वाटले तर त्यात नवल नाही. आपल्यापैकी कोणालाही तसेच वाटले असते. पण स्टुडिओ चालविणे हे निराळे काम आहे. सेटचा खर्च निर्माता देतो. जमिनीचा, वास्तूंचा, पहारेकऱ्यांचा आणि विजेचा खर्च मालकाला काम असो वा नसो सोसावा लागतो. कर्ज वाढत गेले. अडीचशे कोटींच्या घरात गेलेल्या थकबाकीपायी जुलै २०२३ मध्ये त्यांच्या कंपनीवर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली, आणि २ ऑगस्ट २०२३ रोजी आपल्याच स्टुडिओत त्यांनी जीवनयात्रा संपविली. अठ्ठावन्नावा वाढदिवस काही दिवसांवर आला होता.

ह्या मृत्यूविषयी फार बोलू नये. माणसाच्या अंतःकरणात अखेरच्या घटकेला काय चालले होते हे देवाशिवाय कोणी जाणत नाही, आणि अशा मृत्यूचे कारण एका शब्दात सांगताही येत नाही. न्याय करण्याचा अधिकार आपला नव्हे. त्यांच्यासाठी व त्यांच्या घरच्यांसाठी प्रार्थना करणे एवढेच आपल्या हाती आहे. परंतु जे मागे राहिले त्यांना दोन गोष्टी सांगणे हे माझे काम आहे. पहिली ही, की त्या माणसाची कला त्याला दगा देऊन गेली नाही. त्याचे हात शेवटपर्यंत मागणीत होते. गणेशोत्सवाच्या आराशीचे काम त्याही वर्षी त्याच्याकडेच होते. भार पडला तो कलेचा नव्हे, कर्जाचा. दुसरी ही, की कर्जाचे ओझे कोणाला न सांगता एकट्याने वाहण्याची आपल्या पुरुषमाणसांची जी रीत आहे ती फार घातक आहे. अडीचशे कोटींचे असो की ट्रॅक्टरचे अडीच लाखांचे, रात्री डोळा लागू न देण्याची शक्ती दोहोंत सारखीच. ज्याच्या घरात असे ओझे असेल त्याने ते बायकोला सांगावे, भावाला सांगावे, आपल्या धर्मगुरूला सांगावे, जरूर तर डॉक्टरला सांगावे. जमीन जाते, कारखाना जातो, नाव जाते. तरी माणूस राहिला म्हणजे ते पुन्हा मिळविता येते. आणि आपला शेजारी अचानक गप्प झाला, माणसांत यावयाचा थांबला, तर त्याच्या दारी जाऊन चौकशी करणे हे आपलेही कर्तव्य आहे.

राहिला पगाराचा प्रश्न. त्याचे उत्तर गोड करून सांगणे बरे नव्हे. ह्या धंद्यात सात तारीख नाही. चित्रपटागणिक काम मिळते. दोन कामांच्या मध्ये कधी महिनाभर, कधी चार महिने हात रिकामे राहतात. साहाय्यकाची पहिली वर्षे कष्टाची व थोड्या पैशांची असतात. रात्री जागून सेट पुरा करावा लागतो, कारण सकाळी नटमंडळी येणार असतात आणि उशिराचा प्रत्येक तास निर्मात्याला महाग पडतो. उंच बांबूवर चढून काम करणाऱ्यांना पडण्याची भीती असते, आणि प्लायवूड, कापड व रंग ह्यांना आग लवकर धरते. म्हणून ह्या मार्गाने जाणाऱ्या मुलाने तीन गोष्टी पाळाव्यात. कामाचा करार लेखी असावा. मुंबईत चित्रपट कामगारांच्या संघटना आहेत, पात्र होताच त्यांचे सभासद व्हावे. आणि काम असलेल्या महिन्यातच काम नसलेल्या महिन्याची तरतूद करावी. शेतकऱ्याच्या पोराला हे शिकवावे लागू नये. सुगीत कणगी भरून ठेवण्याची रीत त्याने घरीच पाहिलेली असते.

शिक्षणाची सोय आता चांगली आहे. प्रभातचा पुण्यातील जुना स्टुडिओ १९६० साली सरकारी चित्रपटसंस्थेचे घर झाला, आणि आज तेथे कलादिग्दर्शन व प्रॉडक्शन डिझाईन ह्यांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. पण तो पदवीनंतरचा. त्यापूर्वी चित्रकला, उपयोजित कला किंवा वास्तुकला ह्यांपैकी एकाची पदवी घ्यावी. त्यासाठी मुंबईचे जे. जे. आहे, आणि सुरतेकडच्या आपल्या कुटुंबांना बडोद्याच्या विद्यापीठाची कलाशाखा फारशी लांब नाही. पदवी मिळाली म्हणजे ह्या विद्येला चित्रपटाबाहेरही गिऱ्हाईक असते : नाटके, जाहिराती, प्रदर्शने, संग्रहालये, मिरवणुकीचे चित्ररथ, दुकानांची सजावट. एक दार बंद झाले तरी हात रिकामे राहत नाहीत. तथापि पदवीच्याही आधी मुलाने सुताराच्या दुकानात सुट्टीभर काम करावे, असा माझा आग्रह आहे. लाकडाची जात, खिळ्याची लांबी, सांध्याची मजबुती ज्याला हाताने कळत नाही, त्याचे कागदावरचे चित्र कितीही सुंदर असले तरी कारागीर त्याला मनातून मानीत नाहीत. बाबूराव पेंटर बापाच्या हाताखाली सुतारकाम शिकले होते, हे विसरू नये.

त्या कुटुंबाला मी हेच सांगितले. वडिलांनी सारे ऐकून घेतले आणि एकच अट घातली : पहिली पदवी होईपर्यंत मुलाने कर्ज काढून काही करावयाचे नाही, जे असेल त्यात शिकावे. अट मला शहाणपणाची वाटली आणि मुलाने ती मान्य केली. आई मात्र पुढे बराच वेळ गप्प होती. निघताना तिने मुलाला एवढेच बजावले, “घर कसलंही बांध, पण तुझ्या हाताखालच्या माणसांची मजुरी कधी ठेवू नको.” सेटच्या धंद्यातील वडीलधाऱ्याने सांगावे असेच ते वाक्य होते. सारी उमर रोजंदारीच्या माणसांत घालविलेल्या बाईला ते कोणी शिकवावे लागले नाही.

आईबापहो, आपल्या मुलाला जो हात देवाने दिला आहे तो कोणत्या कामात लागणार हे आपण ठरवू शकत नाही. पण तो हात प्रामाणिक राहील, कष्टाला भिणार नाही आणि संकटात मदतीसाठी पुढे होण्यास लाजणार नाही, एवढे संस्कार घरीच होतात. ते झाले असतील तर मुलगा गवंडी होवो की प्रॉडक्शन डिझायनर, त्याच्या कामाची लाज वाटण्याचे कारण नाही. त्याने उभारलेली भिंत चार दिवसांनी मोडली जाईल. ती उभारताना त्याने जे शिकले, ज्यांना रोजगार दिला आणि ज्यांचा विश्वास मिळविला, ते कोणी मोडू शकणार नाही.